नोंदणीचं नूतनीकरण

निवृत्तीला अकरा महिने उरलेत
आणि साहेबांनी माझंच नाव पाठवलं परभणीला:
वृद्धांची शुश्रूषा, दोन दिवस, चहा-जेवणासह,
चार क्रेडिट पॉइंट.
बाकीच्यांची लेकरं लहान, म्हणाले,
तुम्ही मोकळ्या आहात, वाकळे सिस्टर.

मोकळीच. पालमहून पहिली एसटी धरली.
गंगाखेड सुटल्यावर पुलावरून
गंगेत डोकवायची सवय आहे, डोकावले.
पाणी होतं की वाळू, नीट कळलं नाही.

हॉलमध्ये पंचवीस जणी, दोन ब्रदर,
आणि शिकवायला तस्नीम अन्सारी मॅडम.
वय असेल एकोणतीस. माझ्या हातावर जन्मलेल्या
कितीतरी पोरी आता तेवढ्या असतील.

मॅडमनी पिशवीतून म्हातारपण काढलं:
व्हॅसलीन फासलेले चष्मे,
कानांत घालायला कापूस,
बोटांना गुंडाळायला चिकटपट्टी,
आणि किलोभर ज्वारी.
मूठ मूठ मोज्यांत भरा, म्हणाल्या, आणि चाला.

हसल्या सगळ्या. सेलूची चव्हाण
कमरेवर हात ठेवून
"एसटी गेली का रं लेकरा" करत
हॉलभर फिरली, आम्ही टाळ्या वाजवल्या.
मग गोळ्या निवडायला दिल्या,
सकाळची पांढरी, रात्रीची जराशी कमी पांढरी.
पट्टी लावलेल्या बोटांनी पाकीट फाडता फाडता
चव्हाण गप्प झाली.
एक गोळी घरंगळत खुर्चीखाली गेली
ती कुणालाच दिसली नाही.

माझी पाळी आली. चष्मा घातला.
कसं दिसतंय, मॅडमनी विचारलं.
डाव्या डोळ्याचं म्हणाल
तर मला फरकच कळला नाही.

हे मी बोलले नाही.
"धुरकट दिसायलंय," म्हणाले,
बाकीच्या म्हणाल्या होत्या तेच.
दिवाळीच्या आधीपासून मी सिरिंजवरची रेघ
खिडकीपाशी जाऊन वाचते.
वॉर्डाला वाटतं, सिस्टरला उकडतं.

दुसऱ्या दिवशी स्मरणशक्तीची चाचणी.
आज तारीख काय, वार कोणता, महिना कोणता,
शंभरातून सात वजा करत जा.
वहीत उतरवून घेताना हात थांबला.
खाट सहा. सोनाबाई हत्तीअंबीरे.
विचारलं होतं मी तिला, आजी, महिना कोणता चालूये?
ती म्हणाली, "तुरीला फूल लागलंय की बाई."
आणि मी लिहिलं: संभ्रमावस्था.
माझ्याच अक्षरात, खाली रेघ मारून.

जेवायला मॅडम शेजारी बसल्या.
सांगितलं त्यांना. घास हातातच राहिला त्यांचा.
"याला गुण किती, हे पुस्तकात नाही," म्हणाल्या,
"तुम्ही किती दिले असते?"
चौतीस वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं.
मी म्हणाले, आधी खिडकीतून बाहेर बघितलं असतं.

प्रमाणपत्रावर नाव 'वाकडे' पडलंय.
दुरुस्त करून पोस्टानं पाठवतो, म्हणाले.
परतीच्या गाडीत मोज्यात एक दाणा राहिला होता,
टाचेखाली. काढता आला असता.
पालम येईपर्यंत तसाच ठेवला,
कशासाठी ते विचारू नका, मलाही माहीत नाही.

सोनाबाईला लेकानं कालच घरी नेलं.
केसपेपर गठ्ठ्यात होता, शोधून काढला.
लिहिलेलं खोडता येत नाही, तसा नियम आहे.
खाली जागा होती, तिथं लिहिलं:
रुग्णास महिना माहीत होता.
सही केली. तारीख घालायला
उठून कॅलेंडरपाशी जावं लागलं,
अगदी नाक लागेल इतकं.
डोळ्यांचे डॉक्टर कोणत्या गुरुवारी येतात,
तेही तेवढ्यात बघून घेतलं.